सीमेपलीकडचा शेजार

१८ डिसेंबर, परतवाडा
काकांच्या गालाला आतून पडलेली जखम भरत नाही. तरणेपणापासून तंबाखूचा खर्रा खातात. काल अमरावतीहून तपासणीचा कागद आला आणि घरात कोणी धड जेवलं नाही. आज त्यांच्या साळ्यानं निकाल दिला, "पाढरले न्या त्याईले. उशीर नोका करू." कापूस अजून शेतात आहे, वेचणी तोच पाहणार.

१९ डिसेंबर, पाढर
बहिरमला जत्रेची दुकानं लागत होती. दरवर्षी तिथं उतरून रोडगे खाणारे काका आज डोळे मिटून बसले होते. बैतूलच्या पुढे इटारसी रस्त्यावर पाढरचं इस्पितळ. १९५६ पर्यंत बैतूल आणि अमरावती एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. मग मध्ये राज्यांच्या सीमेची रेघ ओढली गेली आणि दोनच वर्षांनी, १९५८ साली, डॉ. क्लेमेंट मॉस यांनी हे इस्पितळ सुरू केलं. चालवणारी मंडळी लुथरन चर्चची. स्वीडनचे मिशनरी या भागात १८७७ पासून येऊ लागले, त्यांच्या कामातून उभी राहिलेली ही मंडळी. संख्येनं थोडीच. नोंदणीच्या रांगेत कोरकू, गोंडी, हिंदी आणि आपली वऱ्हाडी, सगळं कानावर येत होतं.

२० डिसेंबर
डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून आधी काकांना तोंड उघडायला लावलं. मग काकूंना समोर बसवून जबड्याचा किती भाग काढावा लागेल ते हातानं दाखवलं. काही लपवलं नाही, घाबरवलंही नाही. काकू म्हणाल्या, "करा बाप्पा, पण जीव वाचवा."

ज्याच्या नावावरून हे चर्च लुथरन म्हणवतं तो मार्टिन लूथर रात्री व्हरांड्यात आठवला. १५२७ साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा त्याला शहर सोडायला सांगितलं गेलं होतं. तो राहिला, त्यानं आजाऱ्यांना घरात घेतलं, आणि प्लेगमध्ये पळावं की थांबावं यावर खुलं पत्र लिहिलं. त्याच्या शिकवणीचं सार मला नेहमी पटत आलं आहे: देवाला आपल्या चांगल्या कामांची गरज नाही, पण शेजाऱ्याला आहे. असं मानलं की सेवेतला पुण्याचा हिशेब गळून पडतो. इथल्या परिचारिकांच्या वागण्यात मला तेच दिसतं. त्यांनी आमचा धर्म विचारला नाही, गाव मात्र दोनदा विचारलं.

२२ डिसेंबर
शस्त्रक्रिया झाली. पूर्ण दिवस लागला. काका शुद्धीवर आहेत.

२५ डिसेंबर
पहाटे नर्सिंगच्या मुली वॉर्डावॉर्डातून गात गेल्या. आमच्या खाटेशी थांबून एकीनं काकांची नाकातली नळी नीट केली आणि पुन्हा गाण्यात मिसळली. काकांना बोलता येत नाही. त्यांनी पाटीवर लिहिलं, "कापूस?" घरी फोन लावला, वेचणी निम्म्यावर आली म्हणे. ते ऐकून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी आज मला धीर आला.

२७ डिसेंबर
पलीकडच्या खाटेवर धारणीकडची एक कोरकू बाई आहे. सोबत कोणी नाही, उद्या तिची शस्त्रक्रिया. काकूंना तिची भाषा कळत नाही, तरी कालपासून दोघींचं जेवण एका डब्यात आहे. आज मी परत निघालो तेव्हा काकूंची बहीण त्यांची पाळी घ्यायला आली होती. मी म्हटलं, "चला काकू, दोन दिवस घरी आराम करा."
"तिचं ऑपरेशन होऊ दे," त्या म्हणाल्या, "मंग येतो मी."