भिलाईचा उन्हाळा आणि परसातला बटाटा

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने आपण कधी प्रवास केला, तर राजनांदगाव मागे पडल्यावर शिवनाथ नदी लागते, मग दुर्ग येते आणि दुर्गला लागूनच भिलाई. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे. तेव्हा येथे मराठी बोल कानी पडले तर नवल मानू नये. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि येथे घडणारे रूळ आज देशभर पसरले आहेत. परंतु वाचकहो, आपल्याला भट्टीकडे जायचे नाही. आपल्याला पाहायचे आहे ते घरामागच्या परसात, जिला छत्तीसगढी माणूस ‘बारी’ म्हणतो तिच्यात.

छत्तीसगढ हा धानाचा प्रदेश. धान वाळवून मातीच्या कोठीत भरले की घरच्यांना स्वस्थता लाभते. बटाट्याला मात्र हा न्याय लागू पडत नाही. तो दाणा नव्हे. ते जमिनीखाली फुगलेले खोड आहे, पाऊण हिश्शाहून अधिक पाण्याने भरलेले, आणि खणून काढल्यावरही त्याचा श्वासोच्छ्वास चालूच राहतो. उष्मा जितका अधिक, तितका हा श्वास जलद. वजन घटते, साल सुरकुतते आणि दोन-तीन महिन्यांची विश्रांती संपताच डोळ्यांना कोंब फुटू लागतात.

येथेच भिलाईची खरी अडचण आहे. ज्या रशियन तंत्रज्ञांनी हा कारखाना उभारण्यास हातभार लावला, त्यांच्या देशात बटाटा शरदात निघतो आणि तळघरात जातो. पुढे हिवाळाच त्याची राखण करतो. गोठू नये, एवढीच काय ती काळजी. येथे कार्तिकाच्या सुमारास लावलेला बटाटा फेब्रुवारीत निघतो, आणि दारात उभा असतो तो उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे सहज जातो.

म्हणून साठवणीचे काम खणण्यापूर्वीच सुरू होते. पाणी तोडावे, वेल जमिनीलगत कापून टाकावेत आणि दहा-पंधरा दिवस थांबावे. तेवढ्यात साल घट्ट होते. अंगठ्याने चोळून साल सुटली, तर बटाटा अजून कच्चा आहे असे समजावे. खणलेला माल उन्हात पसरू नये. धुणे तर कटाक्षाने टाळावे. माती वाळली की ती हलक्या हाताने झटकली म्हणजे पुरे. कुदळीचा घाव बसलेले बटाटे त्याच आठवड्यात भाजीला घ्यावेत. उरलेले पंधरवडाभर सावलीत, वाऱ्यावर ठेवले म्हणजे बारीकसारीक जखमा आपोआप भरून येतात.

मग जागा निवडावी ती घरातील सर्वांत थंड आणि अंधारी. धानाचा कोरडा पैरा अंथरून, बांबूच्या टोपल्यांत किंवा खाटेखाली, उथळ थरांत बटाटे ठेवावेत. पोत्यात कोंबून शिवू नयेत. गरमीत वारा न मिळालेला बटाटा आतून काळा पडतो. अंधारही तितकाच महत्त्वाचा. उजेडाने साल हिरवी पडते, आणि त्या हिरवेपणाबरोबर वाढणारे सोलॅनिन हे विषारी द्रव्य शिजवूनही नाहीसे होत नाही.

याहून चोरटा शत्रू म्हणजे बटाट्यावरील पतंग. तो १९०६ साली इटलीहून आणलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरला, असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात. त्याची अळी बटाट्यात बोगदे पाडते. पुणे जिल्ह्यात, मंचर-खेडच्या बाजूस, शेतकरी बटाट्याचे ढीग झाडाच्या सावलीत पाल्यापाचोळ्याखाली झाकून ठेवीत आले आहेत. घाणेरीचा वाळलेला पाला पसरल्यास हा पतंग दूर राहतो. घाणेरी भिलाईच्या माळावरही विपुल आहे. तिचा एवढा उपयोग आहे, हे ऐकून तिला शिव्या देणारे माळी क्षणभर तरी थांबतील!

आठवड्यातून एकदा टोपली उपसून पाहावी. एक नासका बटाटा शेजारच्या चारांना नेतो, आणि त्याची वार्ता डोळ्यांआधी नाकाला कळते. शीतकपाट हा यावर उपाय नव्हे. तेथील थंडीत बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. भाजी गोडसर लागते आणि तळलेल्या काचऱ्या काळपटतात.

इतके करूनही घरचा साठा किती टिकावा? अक्षय तृतीया, जिला येथे ‘अक्ती’ म्हणतात, तोवर पुरला तर गृहिणीने समाधान मानावे. पावसाळ्यापर्यंत नेण्याचा हट्ट या हवेत महागात पडतो. तेव्हा मोठे बटाटे आधी संपवावेत की लहान, यावर वाद न घालता ज्याची साल सैल झाली तो आधी चुलीवर चढवावा. जास्तीचे उकडून, किसून, चैत्राच्या कडक उन्हात वाळवावेत. जे ऊन कच्च्या बटाट्याचा नाश करते, तेच किसाच्या कामी येते. बेण्याची गोष्ट वेगळी. ते दोन ते चार अंशांच्या शीतगृहातच राहू शकते. घरी राखलेले बेणे ऑक्टोबरपर्यंत सुकून जाते. दिवाळीच्या सुमारास बाजारातून नवे आणावे आणि कोंब आलेले पाहूनच वाफ्यात घालावे.