मेदकचा नाताळ आणि मांजरेचं पाणी

हैदराबादहून मेदक साधारण शंभर किलोमीटर. बालानगरमार्गे नरसापूरचं जंगल ओलांडून जाणारा रस्ता मला जास्त आवडतो. डिसेंबरात सकाळी लवकर निघालं तर जंगलात धुकं असतं, वाटेत इडली-वडा होतो, आणि मग भाताच्या शेतांवर एक मनोरा दिसायला लागतो. जवळ जाईपर्यंत तो खरा वाटत नाही. तेलंगणातल्या एका साध्यासुध्या गावात, चिंचेच्या झाडांमागे, इंग्लंडातून उचलून आणल्यासारखं गॉथिक चर्च! मनोरा १७५ फूट उंच; इमारत २०० फूट लांब आणि १०० फूट रुंद. पाच हजार माणसं मावतात म्हणे. आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं चर्च, असंही तिथे सांगतात. अशा क्रमवाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, पण आत उभं राहिलं की वाद घालावासा वाटत नाही.

हे चर्च बांधलं चार्ल्स वॉकर पॉस्नेट या वेस्लियन मिशनऱ्याने. १८९५ मध्ये, पंचविशीत, तो सिकंदराबादच्या छावणीत आला तो गोऱ्या शिपायांसाठी. थोड्याच काळात तो मेदकला गेला आणि मग चार दशकं या भागातच राहिला. बांधकाम १९१४ ते १९२४ चाललं. २५ डिसेंबर १९२४ ला, म्हणजे नाताळच्याच दिवशी, चर्च खुलं झालं. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं, दुष्काळही पडला. उपाशी माणसं मिशनच्या दारात यायला लागली, तेव्हा पॉस्नेटने फुकट धान्य वाटण्याऐवजी काम काढलं. दगड घडवा, चुना मळा, आणि त्याबद्दल अन्न घेऊन जा. माझ्या बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी शाळेच्या वयात खडी फोडायची कामं पाहिली आहेत आणि सुकडी खाल्ली आहे.

मेदक हे नाव 'मेतुकु' या तेलुगू शब्दावरून आलं असं म्हणतात. मेतुकु म्हणजे शिजलेल्या भाताचं शीत. चर्चने भात दिला म्हणून गावाला हे नाव पडलं, अशी गोष्ट तिथे ऐकायला मिळते. पण काकतीयांच्या काळातल्या किल्ल्याचं नावही मेतुकुदुर्गम असंच सांगतात, तेव्हा नाव जुनंच असणार. गोष्ट मात्र चांगली आहे.

मागच्या डिसेंबरात आम्ही गेलो ते नाताळच्या आठवडाभर आधी. प्रत्यक्ष २५ तारखेला पहाटेपासून इतकी गर्दी असते की आई-बाबांना घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. गाडीत मी, बायको, मुलगा, आई-बाबा, आणि दुसऱ्या गाडीत समोरच्या फ्लॅटमधलं अमेरिकन जोडपं. दोघंही सत्तरीला टेकलेले, युटाहचे. ते मॉर्मन चर्चचे 'सिनिअर मिशनरी'. या चर्चमधली निवृत्त जोडपी सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत कुठेतरी लांब जाऊन काम करतात, आणि खर्च स्वतःचा स्वतः करतात. भारतातला त्यांचा पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक मंडळ्या मिळून झालेला विभाग, २०१२ मध्ये हैदराबादलाच स्थापन झाला, म्हणून ही मंडळी इथे दिसतात. आजोबा आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होते, आजी नर्स होत्या. इथे ते स्थानिक मंडळीला कामकाजात मदत करतात, हिशेब नीट ठेवायला शिकवतात.

ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आईची पंचाईत झाली. त्यांच्या धर्मात चहाही चालत नाही आणि कॉफीही. आलेल्या माणसाला चहा द्यायचा नाही तर मग करायचं काय? शेवटी कोकम सरबत निघालं आणि त्या दिवसापासून आमच्या घरातलं कोकम दर पंधरा दिवसांनी संपतं. त्यांच्या दारावर कागदी चांदणी लागली, तेव्हा आमच्या दाराशी दिवाळीचा आकाशकंदील अजून तसाच होता. आईने तो काढू दिला नाही. "त्यांची एकटीच चांदणी कशी दिसेल?" म्हणाली. मुलाला दोन्ही एकाच सणाचे वाटतात.

आता मेदकच्या खिडक्यांबद्दल. त्यासाठी तरी एकदा जाच. आत तीन मोठ्या रंगीत काचेच्या खिडक्या आहेत, इंग्लिश चित्रकार फ्रँक सॅलिस्बरीच्या. येशूचं स्वर्गारोहण १९२७ चं, जन्म १९४७ चा आणि क्रूस १९५८ चा. बल्ब लावून आतून ही चित्रं दिसत नाहीत. बाहेरून ऊन यावं लागतं. ऊन सरकतं तसे रंग बदलतात. जन्माच्या खिडकीसमोर आजी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग आईच्या कानाशी, मोडक्या हिंदीत, "मेरा छोटा पोता, एक महिना" एवढंच म्हणाल्या. त्या नातवाला त्यांनी अजून फक्त फोनवर पाहिलं होतं. आईने त्यांचा हात धरला. दोघींची भाषा तिथे संपली. पण खिडकीपुढून दोघीही हलल्या नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर बाबांनी विषय काढला, मला वाटतच होतं ते काढणार. "दुष्काळात अन्न दिलं ते ठीक. पण त्या बदल्यात धर्म बदलून घेतला की नाही?" मी इंग्रजीत सांगताना जरा मऊ करून सांगितलं. बाबांच्या ते लक्षात आलं. "मी म्हटलंय तसंच सांग," म्हणाले. आजोबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, उपाशी माणसाला विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नसतो, त्यामुळे त्याचं उत्तरही धरू नये. बाबांना हे आवडलं. मला मात्र वाटतं, गोष्ट इथे संपत नाही. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळ माला-मादिगा समाजातली. ज्यांना देवळात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांना इथे भाताबरोबर शाळा मिळाली आणि एका रांगेत बसायला जागा मिळाली. पॉस्नेटला नावं ठेवायची असतील तर तीही ठेवावीत, पण मग हेही हिशेबात धरावं लागेल.

हा प्रकार फक्त गोऱ्यांचा होता असंही नाही. आपल्या जालन्याजवळचं बेथेल गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं. ते मूळचे ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झालेले, आणि जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. दोर्णकलचे बिशप अझरिया तमिळ होते. तिरुनेलवेलीहून येऊन त्यांनी तेलुगू शिकून घेतली आणि १९१२ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. त्याआधी, १९०५ च्या नाताळाच्या दिवशी, बंगालात सेरामपूरला भारतीयांनी चालवायची मिशनरी संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले सचिव. सेरामपूर म्हणजे विल्यम केरीचं गाव. १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं ते तिथेच. घर सोडून लांब जाणारा माणूस काय काय मागे ठेवून जाईल, सांगता येत नाही.

आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट मुलाला फार आवडली. त्यांच्या चर्चमधली विशीतली मुलं मिशनवर जातात, तेव्हा त्यांना पूर्वी घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच असायची, मदर्स डेला आणि नाताळला. २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. "मग वर्षभर आई रडायची?" मुलाने विचारलं. आजोबा म्हणाले, माझी रडायची, पण ती पत्रात तसं लिहायची नाही. आता ते स्वतः रोज बोलतात. आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजतात, तेव्हा युटाहला आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. त्यामुळे यंदा नाताळच्या सकाळी आम्ही त्यांच्याकडे करंज्या घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्या नातवंडांचा नाताळ अजून उजाडायचाच होता.

परतताना एडुपायलला थांबलो. मांजरा तिथे सात प्रवाहांत फुटते आणि मधल्या खडकांत दुर्गेचं देऊळ आहे. तेलुगूत नदीला मंजीरा म्हणतात, म्हणून हैदराबादेतल्या पुष्कळांना ही आपली मांजरा आहे हे माहीतच नसतं. ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, धनेगावच्या धरणातून लातूर-बीदर करत इकडे येते. हैदराबादच्या नळाला तिचं पाणी वर्षानुवर्षं येत आलं आहे. बाबा अंबाजोगाईचे. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेत उस्मानियाला उर्दूतून पदवी घेतली आणि तडक परत गेले. बाबा प्रवाहात पाय सोडून बसले आणि अमेरिकन आजोबांना बोटाने वरची दिशा दाखवत म्हणाले, "माय होम. वॉटर."

आई-बाबा नातवासाठी इथे आले त्याला पावणेदोन वर्षं झाली. अंबाजोगाईचं घर बंद आहे. ते विकून इथेच यावं, हे माझं आणि बायकोचं म्हणणं. त्यावर घरात आडून आडून बोलणं चाललेलं असतं. गाडीत बसल्यावर मी सहज म्हटलं, बघा, सत्तरीतही ही दोघं साता समुद्रापलीकडे येऊन किती आनंदात राहतात. बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. "राहतील ना," म्हणाले, "त्यांना परत जायची तारीख माहीत आहे."

त्यावर कोणी काही बोललं नाही. नरसापूरच्या जंगलात अंधार पडला. घरी पोचल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि परळीपर्यंतची रेल्वेची तिकिटं बघायला लागलो. बाबा मागे येऊन उभे राहिले. "संक्रांतीच्या आधीचं मिळतं का बघ," म्हणाले. "आणि दोन महिन्यांनी परत यायचंही काढ. कोकम संपलं की तुझ्या आईची मैत्रीण काय पिणार?"