जुन्या पत्त्यावर

निवृत्त माणसाने काय करावे, याविषयी आमच्या सोसायटीत प्रत्येकाचे मत तयार असते. कोणी सकाळी टेकडीवर जायला सांगतो, कोणी ज्ञानेश्वरी हाती घ्यायला सांगतो. मी मात्र साठी उलटल्यावर एक नवी भाषा शिकायला घेतली. शेजारच्या नानांना वाटले, परदेशी जायचे म्हणून जर्मन शिकत असेन. "रस्ट," मी म्हणालो, "संगणकाची आहे." नानांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की टेकडीवर गेलो असतो तर बरे झाले असते असे मला वाटून गेले.

माझी सारी नोकरी 'सी' या भाषेत गेली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास घडवली. यंत्राच्या अगदी पोटातली कामे करायची तर हीच भाषा, असा आमच्या पिढीचा खाक्या होता. सी ही जुन्या वाड्याच्या मालकिणीसारखी आहे. किल्ल्यांचा अख्खा जुडगा ती तुमच्या हाती देते आणि तुम्ही कोणती खोली उघडलीत, कोणती उघडी टाकलीत, हे कधी विचारत नाही. तिशीत मला या विश्वासाचा फार अभिमान होता.

रस्टचा जन्म मात्र त्राग्यातून झाला. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात ग्रेडन होअर नावाचा तरुण एकविसाव्या मजल्यावर राहत असे. २००६ साली एकदा तो घरी परतला, तर लिफ्ट बंद! तिच्यातल्या प्रोग्रॅमने मान टाकली होती. जिने चढता चढता त्याच्या मनात आले, की साधी लिफ्टही आपल्याला नीट चालवता येऊ नये, म्हणजे काय! पुढे मोझिला कंपनीने त्याच्या खटपटीला आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी भाषेची पहिली पक्की आवृत्ती निघाली. रस्ट म्हणजे लोखंडाचा गंज असे मी धरून चाललो होतो. पण होअरच्या मनात होती ती बुरशी, आपल्या गव्हावर पडतो तो तांबेरा. सहजासहजी मरत नाही, म्हणून म्हणे त्याला तिचे कौतुक.

माझी गुरू म्हणजे माझी धाकटी मुलगी. तिचे पोट याच भाषेवर चालते. पहिल्याच दिवशी मी चार ओळी लिहिल्या. एक नाव घेतले, ते छापायला दुसऱ्या विभागाकडे दिले आणि खाली पुन्हा तेच नाव वापरले. यंत्राने तांबड्या अक्षरांत खडसावले : ही वस्तू तुम्ही देऊन टाकली आहे, आता ती तुमची नाही.

"बाबा, तुम्हाला ते द्यायचं नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं," मुलगी म्हणाली.

या भाषेतली सारी मेख या एका वाक्यात आहे. प्रत्येक वस्तूला मालक एकच. मालकाचे काम संपले, की वस्तूची विल्हेवाट तिथल्या तिथे लागते. वस्तू दुसऱ्याला दिली, की आपला हक्क सुटला. दाखवायची असेल तर तसे स्पष्ट सांगायचे. याला मी प्रथम उसनवारी म्हणत होतो, पण ते सौभाग्यवतींना पटले नाही. "अहो, उसनी आणतात साखर. ती संपते, आणि आपण दुसरी साखर परत करतो. हे तर शेजारून शिडी मागून आणण्यासारखं झालं. तीच शिडी परत गेली पाहिजे." संगणकाचा गंध नसलेल्या बाईने माझा आठ दिवसांचा गोंधळ एका दमात निस्तरला. मी तसे कबूल केले नाही, ही गोष्ट वेगळी.

मागून आणलेल्या वस्तूचेही नियम आहेत. लोकलमध्ये एकाचे वर्तमानपत्र पाच जण खांद्यावरून वाचतात, त्याला हरकत नाही. पण त्यातले शब्दकोडे सोडवायला कोणी पेन्सिल काढली, की बाकीच्यांनी माना वळवायच्या. पाहणारे कितीही असोत. बदलणारा एकच, आणि तो बदलत असताना पाहणारा कोणी नको. पूर्वी ही भाषा याबाबत फारच कर्मठ होती. शेवटचा दिवा लावून झाला, तरी दिवाणखान्यातून पाऊल बाहेर पडेपर्यंत शिडी तुमच्याच नावावर मांडली जाई. २०१८ च्या आवृत्तीपासून ती थोडी समजूतदार झाली. शिडीचा शेवटचा उपयोग झाला, की शिडी परत केली असे ती धरते.

सर्वांत छळले ते आयुर्मर्यादेने. मागून आणलेली वस्तू किती काळ खरी, हे कधी कधी आपल्या हाताने नोंदवावे लागते. मी मोठ्या उदारपणे सगळ्यांना दीर्घायुष्य लिहून दिले. यंत्राने सगळे परत केले. मुलगी हसायला लागली. "बाबा, ही पत्रिका आहे. पत्रिकेत शंभर वर्षं लिहिली म्हणून माणूस शंभर वर्षं जगतो का?" जे आहे ते नोंदवायचे, वाढवायचे नाही. कुठे फारच अडले, तर वस्तूची नक्कल काढून मोकळे होण्याची सोय आहे. महिनाभर मी नकलाच काढत होतो.

मग मुलगी म्हणाली, "तुमचा एखादा जुना प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहून पाहा." मी माळ्यावरून १९९७ चे बाड काढले. हिरव्या पट्ट्यांचा, कडेला भोके असलेला तो कागद जुन्या माणसांना आठवेल. एका घाऊक बाजारातल्या रोजच्या व्यवहारांचा तो हिशेब होता. कोणी विकले, कोणी घेतले, कोणाच्या खात्यावर किती जमा. मी ओळीला ओळ ठेवून उतरवत गेलो. सातव्या पानावर यंत्र थांबले. त्याने तीन ओळींखाली रेघा मारल्या : इथे तुम्ही यादीतली एक नोंद बदलण्यासाठी हाती धरलीत, इथे ती हातात असतानाच यादी वाढवायला घेतलीत, आणि इथे खाली पहिलीच नोंद पुन्हा वापरलीत.

मी नेहमीप्रमाणे यंत्राशी वाद घालायला बसलो. मग हळूहळू गप्प झालो.

ती भानगड अशी. त्या दिवशी व्यवहार केलेल्या व्यापाऱ्यांची यादी प्रोग्रॅम स्मृतीत मांडत जाई. सुरुवातीला मी शंभर नावांपुरती जागा घेतली होती. एकशे एकावे नाव आले, की मोठी जागा मागायची. सी मध्ये ही मागणी केली आणि शेजारची जागा रिकामी असली, तर भिंत पाडून तीच खोली मोठी होते. नसली, तर सगळे बिऱ्हाड दुसरीकडे हलते आणि जुनी खोली मोकळी होते. माझा प्रोग्रॅम आधी विकणाऱ्याचा पत्ता टिपून घेई. मग घेणारा नवा असेल तर त्याला यादीत घाली. आणि शेवटी, टिपलेल्या पत्त्यावर जाऊन विकणाऱ्याची रक्कम मांडी. मध्येच बिऱ्हाड हलले असेल, तर रक्कम जुन्या, मोकळ्या खोलीत पडे. पत्रवाल्याने रिकाम्या घरात मनिऑर्डर टाकून जावे तसे.

एरवी दिवसाला साठ-सत्तर व्यापारी असत. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शंभर ओलांडले. आणि कोणा एकाची रक्कम नाहीशी होऊ लागली, तीही रोज नाही. ज्या दिवशी शेजारची खोली रिकामी सापडे, त्या दिवशी हिशेब चोख.

त्याच आठवड्यात आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने छापील अहवालाची मांडणी बदलली होती. तोवर बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम त्याचा हात लागताच बिघडला, एवढे वरिष्ठांना पुरे झाले. बैठकीत मला विचारले गेले. "माझा भाग मी तपासला आहे," मी म्हणालो. तपासला होता, हे खरे आहे. मुलाची उमेदवारीची मुदत वाढवली नाही. पुढे कोणीतरी शंभराचे पाचशे केले, तक्रारी थांबल्या, आणि त्या का थांबल्या हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१९ साली जाहीर केले, की त्यांना दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या असल्याच घोटाळ्यांचे असतात. मुलीने मला ते वाचून दाखवले. तिचा हेतू चांगला होता.

"नक्कल काढली तर यंत्र गप्प बसेल," मी म्हणालो.

"बसेल. पण मग रक्कम नकलेवर जमा होईल, बाबा."

शेवटी पत्त्याऐवजी यादीतला क्रमांक लक्षात ठेवला. बिऱ्हाड कुठेही गेले तरी तिसरा तो तिसराच. दोन ओळींची दुरुस्ती. यंत्राने मुकाट्याने मान्य केली.

त्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक मिळवायला पंधरा दिवस लागले, आणि तो फिरवायला आणखी आठ. आता तोही पन्नाशीचा गृहस्थ आहे. संगणक सोडून त्याने निफाडकडची वडिलांची शेती पाहिली. मी शंभर नावांची, खोलीची, पत्त्याची सगळी हकीकत सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही.

"म्हणजे शंभराच्या वर गेल्यावर होतं होय ते," तो म्हणाला. "साहेब, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलं. ती मांडणी मी कितीदा तरी आठवून पाहिली. पहिली काही वर्षं तर रात्री उठून."

मी क्षमा मागितली. शब्द काय वापरले ते आता आठवत नाही. धड जुळलेही नसतील. मग त्याने त्या भाषेचे नाव विचारले, आणि मी सांगितले. "तांबेरा?" तो पहिल्यांदा हसला. "त्यानं आमच्या दोन वर्षांच्या गव्हाची वाट लावली." मग म्हणाला, "ते सातवं पान माझ्याकडे पाठवाल का? मूळ प्रतच पाठवा, साहेब. छायाप्रत नको."

मी पान बाडातून सोडवून पाकिटात घातले. पत्ता त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला, कारण मधल्या काळात त्याचे घर बदलले आहे. उद्या सकाळी पोस्टात स्वतः जाऊन रजिस्टर करणार आहे.