बिनतारी आवाज

प्रत्येक धंद्याचें एक हत्यार असतें. सुताराची पटाशी बोथटली तर तो तिला धार लावतो, शिंप्याची कात्री गंजली तर तो दुसरी आणतो. परंतु शिक्षकाचें हत्यार म्हणजे त्याचा गळा, आणि त्याला धार लावून देणारा कारागीर अद्यापि कोठें जन्मास आलेला नाहीं. सुमारें तीस वर्षें मीं या गळ्याच्या जोरावर मुलांना शेक्सपिअर आणि वर्ड्स्वर्थ ऐकविले. खिडकीबाहेर ट्रॅक्टर चालला असेल तर ट्रॅक्टरच्या वर, पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर पावसाच्या वर आवाज चढविला. दोन वर्षांपूर्वीं स्वरतंतूंवर गांठी धरल्याचें निदान झालें. "बोला, पण ओरडूं नका, आणि कुजबुजूं तर मुळींच नका," असें डॉक्टरांनीं बजावलें. न ओरडतां आणि न कुजबुजतां भरल्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोंचावयाचें, तर यंत्राला शरण जाण्यावांचून गत्यंतर नव्हतें. अशा रीतीनें बिनतारी ध्वनिक्षेपकाचा आणि माझा परिचय झाला.

आमच्या मोडनिंबांत त्याला 'कॉर्डलेस' म्हणतात. नांव इंग्रजी असलें तरी तें इतकें रुळलें आहे कीं, भजनी मंडळांतल्या आजोबांनाही तें परकें वाटत नाहीं. मला मात्र 'बिनतारी' हाच शब्द गोड वाटतो. त्यांत थोडी फसवणूक आहे हें ठाऊक असूनही! कारण या यंत्रांत तार नसते ती फक्त पहिल्या दहावीस पावलांपुरती. बोलणाऱ्याच्या हातांतला किंवा कमरेचा प्रेषक आपला आवाज रेडिओलहरींवर चढवून हवेंत सोडून देतो. आणि टेबलावरची एक चपटी पेटी त्या लहरी झेलून त्यांचा पुन्हां आवाज करते. ही पेटी म्हणजे रिसीव्हर, किंवा आपण तिला ग्राहक म्हणूं. तेथून पुढें जुनाच संसार: पेटीपासून मिक्सरपर्यंत तार, मिक्सरपासून अँप्लिफायरपर्यंत तार, तेथून कर्ण्यांपर्यंत तारच तार. जगदीशचंद्र बोसांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें तारेवांचून दूरची घंटा वाजवून दाखविली, तेव्हां लोकांना तो चमत्कार वाटला. आज तोच चमत्कार लग्नाच्या मांडवांत भाड्यानें मिळतो, आणि त्याच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाहीं.

या यंत्राचें शास्त्र मला कॉलेजांत कळलें नाहीं. तें कळलें गांवांतल्या एका समारंभांत. मोडनिंब हें माढा तालुक्यांतलें, सोलापूर-पुणें रस्त्यावरचें गांव. एकेकाळीं बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी येथूनच पंढरीचे वारकरी घेऊन जात असे. पण बाहेरच्या रसिकांना गांवाचें नांव ठाऊक आहे तें वारकऱ्यांमुळें नव्हे, तर संगीत बारीमुळें. येथल्या कलावंतिणींची लावणी ऐकावयास लोक लांबलांबून येतात, आणि गांवांतले प्रतिष्ठित लोक ती ऐकल्याचें सहसा कबूल करीत नाहींत. अशा गांवांत एका संध्याकाळीं शाळेच्या पटांगणावर, उघड्या मंडपांत, सहकुटुंब श्रोत्यांपुढें लावणी व्हावयाची होती. गाणाऱ्या तिघी: एक साठीच्या पुढची आणि दोन तरुण. तरुण दोघी नाचत गाणार, म्हणून कॉर्डलेस हवा. यंत्र चालविणारा पोरगा माझाच जुना विद्यार्थी. इंग्रजीच्या पेपरांत तो नेहमीं काठावर तरत असे. त्या दुपारीं मात्र मीं त्याच्यापुढें बाकावर बसलों, आणि तो मला शिकवीत होता.

त्यानें प्रथम तिन्ही प्रेषक बंद ठेवून एकटी पेटी चालू केली. "आपण गप्प आहोत, सर, आणि तरी काट्यावर खुणा दिसल्या, तर त्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलंय," तो म्हणाला. हवेंत जागा रिकामी आहे कीं नाहीं हें आधीं पाहावयाचें, मग तेथें आपला बाडबिस्तरा टाकावयाचा. ही जागा सुमारें ५०० ते ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत शोधतात. पूर्वीं दूरचित्रवाणीचीं कांहीं क्षेपणकेंद्रें या पट्ट्यांत असत. तीं बंद पडलीं, पण त्याच्या वरच्या अंगाला मोबाइलवाले आले. अमेरिकेंत २०१० सालीं ७०० च्या वरच्या पट्ट्यांतून बिनतारी ध्वनिक्षेपकांना कायद्यानें बाहेर काढलें; आपल्याकडे २०२२ च्या लिलावांत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेसाठीं विकला गेला. जुनीं यंत्रें तेव्हांपासून कोठें कोठें बिघडल्यासारखीं खरखरतात. यंत्र बिचारें धड असतें. त्याच्या पायाखालची जमीन विकलेली असते.

दोन माईक सुरळीत लागले. तिसरा लावला मात्र, आणि खरखर सुरू झाली. पोरानें कागद घेतला. पहिला ६०० वर, दुसरा ६००.५ वर. दोघे एकदम चालले कीं त्यांच्या मिश्रणांतून नव्या लहरी उपजतात: दुसऱ्याची दुप्पट करून पहिला वजा करा, येतात ६०१, पहिल्याची दुप्पट करून दुसरा वजा करा, येतात ५९९.५. आणि तिसरा नेमका ६०१ वर बसविलेला! सारख्या अंतरावर नीटनेटके मांडले कीं ते एकमेकांच्या उरावर बसतात. अंतरें वेडींवांकडीं ठेवलीं कीं सुखानें नांदतात. त्यानें तिसरा ६०१.७ वर नेला आणि खरखर थांबली. शिस्तीनें रांगेंत बसविण्याची हौस असलेल्या मास्तराला हा हिशेब पचावयास थोडा जड गेला.

मग तरुण गायिकेनें प्रेषकाची डबी कमरपट्ट्याला पाठीमागें अडकवली आणि ती गाऊं लागली. श्रोत्यांकडे तोंड करून उभी असतां आवाज मधूनच तुटे. तिनें गिरकी घेऊन पाठ फिरविली कीं तो खणखणीत होई. प्रकार उलटा दिसला तरी कारण सरळ होतें. पेटी मंडपासमोर, टेबलाच्या खालच्या फळीवर ठेवलेली होती, आणि डबी व पेटी यांच्यामध्यें गायिकेचें शरीर येत होतें. माणसाचा देह बराचसा पाण्याचाच. तो या लहरी पिऊन टाकतो. शिवाय रिकाम्या पटांगणावर दुपारीं पाहिलेली पेटी रात्रीं हजार देहांच्या आड गेली म्हणजे तिची स्थिति आणखी कठीण. म्हणून त्यानें पेटी उचलून रंगमंचाच्या बाजूला, डोक्यापेक्षां उंच स्टँडवर नेली आणि तिच्या दोन एरियल इंग्रजी 'व्ही'सारख्या फांकविल्या. दोन एरियल शोभेसाठीं नसतात. लहर कांहीं सरळ येते, कांहीं पत्र्यावर आपटून येते, आणि एखाद्या जागीं त्या दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी अर्धा मीटर. तेव्हां एका वितीवर आवाज मेलेला आणि पुढच्या वितीवर जिवंत, असें घडूं शकतें. पेटी क्षणोक्षणीं दोन्ही एरियलांकडे पाहते, आणि जी चांगलें ऐकत असेल तिचें ऐकते. ही युक्ति घरोघर असती तर किती संसार सुखाचे झाले असते!

हें सर्व चाललें असतां ती साठीची बाई एका खुर्चीवर बसून शांतपणें पाहत होती. तिनें बैठकीची लावणी बारीच्या खोलींत, पंधरावीस माणसांपुढें गाइलेली. हातवारे, नजर आणि एकेका शब्दाची बारा प्रकारांनीं केलेली अदा हें तिचें सर्वस्व. कर्ण्याची तिला कधीं गरज पडली नव्हती. आपल्याकडे जुना आवाज तसाच कमावलेला असे. बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळीं नाटकगृहांत ध्वनिक्षेपक नव्हता, आणि शेवटच्या रांगेचा प्रेक्षकही पैसे वसूल करून घरीं जाई. आमच्या जिल्ह्यांतल्या बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) यांच्या पहाडी आवाजाच्या आठवणी म्हातारे लोक अजून सांगतात. "लावून बघा कीं, मावशी," असें म्हणून पोरानें डबी पुढें केली. तिनें ती हातांत घेऊन उलटसुलट केली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, खोलीत गाताना समोरच्याच्या डोळ्यावरनं कळतं, आवाज पोचला का न्हाई. ह्यानं सगळ्यास्नीच पोचतोय. मग मी बघायचं कुणाकडं?"

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण तो माझाही प्रश्न होता. पूर्वीं वर्गांत मी आवाज थोडा उतरवीत असें; मुलें पुढें झुकलीं म्हणजे धडा लागला, न झुकलीं म्हणजे तो पुन्हां सांगावयाचा. आतां कोणालाच झुकावें लागत नाहीं. शेवटच्या बाकावरच्या झोंपाळूच्याही कानांत कवितेची ओळ आपण होऊन जाऊन बसते, आणि ती आंत उतरली कीं नुसती बसून उठून गेली हें मला कळत नाहीं. यंत्रानें माझा गळा वांचविला, याबद्दल मी त्याचा ऋणी आहें; पण माझें मोजमाप त्यानें काढून घेतलें, हेंही खरें.

तरी त्या बाईचें म्हणणें मला पुरतेंपणीं मान्य होत नाहीं. खोलींतल्या त्या पंधरावीस माणसांत एक तरी बाई असे काय? माझी आई याच गांवांत ऐंशी वर्षें जगली. थिएटरावरून जातांना ती पदर कानावर ओढून घेई, आणि तेथें काय गातात हें कळल्यावांचूनच वारली. त्या रात्रीं मात्र पटांगणाच्या उजव्या अंगाला चारपांचशें बायका सतरंज्यांवर बसल्या होत्या. कलावंतिणीच्या घराचा उंबरा ओलांडावयास ज्यांना जन्मांत कोणी परवानगी दिली नसती, त्या तिचा शब्द न् शब्द ऐकत होत्या. बाई गावयास बसली ती थोडी बुजलेलीच. पहिली लावणी तिनें समोरच्या पाहुण्यांकडे पाहून म्हटली. ती जेमतेम झाली. दुसरीला तिची नजर उजवीकडे गेली आणि तेथेंच राहिली. एका ओळीची अदा तिनें सात वेळां फिरवून फिरवून केली, आणि दर वेळीं बायकांच्या घोळक्यांत हंशाची लाट वेगळ्या ठिकाणाहून उठली. माझी पत्नी तिसऱ्या रांगेंत होती. घरीं आल्यावर ती एवढेंच म्हणाली, कीं हें इतकीं वर्षें आमच्यापासून कां लपवून ठेवलें?

कार्यक्रम संपल्यावर पोरानें तिन्ही डब्यांतले सेल काढले. त्यांत अजून बराच जीव होता. पण आवाजाच्या मध्यावर सेल मेला तर गाणाऱ्याची फजिती होते, म्हणून प्रत्येक प्रयोगाला तो नवे सेल घालतो आणि वापरलेले ओळखीच्यांत वांटून टाकतो. त्यांतले दोन त्यानें माझ्या हातावर ठेवले. माझ्या घरचें भिंतीवरचें घड्याळ सध्यां त्यांतल्याच एकावर चाललें आहे.