पाठीवरचं शिसं

नागपुरात घोड्यांची रेस होत नाही. आपल्याला ठाऊक असलेली शर्यत म्हणजे शंकरपट. माझा रूममेट भंडारा जिल्ह्यातला, त्याच्या गावी पट भरतो. 2014 साली सुप्रीम कोर्टाने घातलेली बंदी, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा मिळालेली परवानगी, मे 2023 चा निकाल, या सगळ्या तारखा त्याला सबमिशनच्या तारखांपेक्षा जास्त पाठ आहेत. तर अशा या गृहस्थाला मी एकदा मेसमध्ये सांगितलं, की पुण्या-मुंबईच्या रेसमध्ये जो घोडा जास्त चांगला पळतो त्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन देतात. वरणाची वाटी तशीच हातात धरून तो म्हणाला, "काहून बे? चांगला धावते म्हून त्याले सजा?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र एका जेवणात संपणारं नाही, म्हणून हा लेख.

आधी माझी पात्रता सांगतो. माझे मामा पुण्याला एका तबेल्यात मोतद्दार आहेत. मोतद्दार म्हणजे घोड्याची मालिश, चारापाणी, नाल, सगळं बघणारा माणूस. पावसाळ्यात रेस पुण्याला असते आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीला, त्यामुळे घोड्यांबरोबर मामांचंही बिऱ्हाड हलतं. दोन्हीकडे कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा. मी पुण्याला गेलो की मामांच्या मागे मागे तबेल्यात जातो. (घरच्यांसाठी खुलासा: पैसे लावत नाही. मामाही लावत नाहीत. ते म्हणतात, "घोडा मला रोज दिसतो रे, म्हणूनच लावत नाही.")

आता वजनाचं गणित. प्रत्येक घोड्याला त्याच्या आधीच्या कामगिरीवरून एक रेटिंग मिळतं. जवळपासच्या रेटिंगचे घोडे एका वर्गात घालतात. उदाहरणार्थ, चौथ्या वर्गात 20 ते 46 रेटिंगचे घोडे. आपल्याकडे एका पॉइंटला अर्धा किलो असा हिशेब आहे. म्हणजे 46 वाल्याला 62 किलो दिले, तर 20 वाल्याला 13 किलो कमी, म्हणजे 49. हे वजन ठरवणाऱ्या माणसाला हँडिकॅपर म्हणतात. त्याचं स्वप्न एकच: सगळे घोडे एकाच क्षणी, एका रेषेत पोचावेत! तसं कधी होत नाही, पण जितकं जवळ जाईल तितका त्याचा हिशेब चांगला. घोडा जिंकला की रेटिंग वाढतं, पुढच्या वेळी ओझं वाढतं. हरत गेला की उतरतं. त्यामुळे घोडा मुद्दाम दाबून पळवायचा, रेटिंग खाली आणायचं आणि मग एक दिवस सोडायचा, असा मोहही होतो. त्यावर नजर ठेवायला स्टुअर्ड लोक असतात. आपल्याकडे आख्खा वर्ग मिळून क्लास टेस्टचा पेपर कोरा देतो, म्हणजे सर पुढचा सोपा काढतील, तसंच काहीसं. फरक इतकाच, की सर फसत नाहीत.

‘हँडिकॅप’ हा शब्द मुळात टोपीत हात घालून खेळायच्या अदलाबदलीच्या एका जुन्या इंग्रजी खेळातून आला. तिथून रेसमध्ये, आणि अपंगत्वाचा अर्थ त्याला फार नंतर चिकटला. रेसमध्ये या हिशेबाला शिस्त लावली ती अॅडमिरल राउस या आरमारी अधिकाऱ्याने. 1855 पासून इंग्लंडमधल्या घोड्यांची वजनं तो ठरवायचा. अर्थात प्रत्येक रेस हँडिकॅपची नसते. 1943 पासून महालक्ष्मीला होणाऱ्या इंडियन डर्बीत सगळ्या घोड्यांना सारखं वजन असतं, फक्त घोडीला दीड किलोची सूट. तिथे सर्वांत चांगला कोण हे शोधायचं असतं. हँडिकॅपमध्ये हिशेब चुकवून कोण पुढे जातो ते बघायचं असतं.

मेकॅनिकलचा विद्यार्थी असल्यामुळे मला पहिली शंका आली ती ही, की पाचशे किलोच्या जनावराला एका किलोने काय फरक पडणार? रेसवाल्यांचा जुना ठोकताळा असा, की 1600 मीटरच्या रेसमध्ये साधारण एक किलो म्हणजे घोड्याची एक लांबी, अदमासे 2.4 मीटर. कॅल्क्युलेटर काढला. घोडा 500, जॉकी आणि खोगीर मिळून 55, एकूण 555. त्यात एक किलो म्हणजे 0.18 टक्के. आणि 1600 मीटरमध्ये 2.4 मीटर म्हणजे 0.15 टक्के. कुठलंही समीकरण न मांडता जुन्या लोकांनी जो आकडा काढला तो इतका जवळ बसतो, हे बघून मला प्रॅक्टिकलची रीडिंग्ज पहिल्यांदा जुळल्यासारखा आनंद झाला.

वजनाने भले भले जमिनीवर येतात. ऑस्ट्रेलियातला फार लॅप हा घोडा 1930 साली साडेबासष्ट किलो घेऊन मेलबर्न कप जिंकला. दोन मैलांची ही रेस हँडिकॅपची. पुढच्या वर्षी त्याच्यावर 68 किलो दिले, आणि त्या काळातला हा सर्वांत नावाजलेला घोडा आठवा आला. रूममेटला हे सांगितलं तर तो हळहळला. मला मात्र यात अन्याय वाटत नाही. घोडा जबरदस्त होता म्हणून तर एवढं वजन मिळालं. ते एक प्रकारचं प्रमाणपत्रच.

माझा खरा प्रश्न रेसबुकाच्या तळाला आहे.

वर ज्याला 62 किलो आहेत त्याचं सोपं आहे. जॉकी खोगिरासकट 55 भरला, तर उरलेलं सात किलो शिसं खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत घालतात. पातळ पातळ पट्ट्या असतात, मी हातात घेऊन बघितल्यात. रेसच्या आधी जॉकी खोगीर घेऊन काट्यावर बसतो, रेसनंतर पुन्हा बसतो, आणि वजन कमी भरलं तर जिंकलेली रेस जाते. पण ज्या घोड्याला 49 किलो आहेत त्याचं काय? त्यात खोगीर आलं, बूट आले, कपडे आले. माणसाच्या वाट्याला उरतात 47 किंवा 48. शिसं वाढवता येतं हो, पण जॉकीतून काय काढणार? काढण्यासारखं एकच असतं, पाणी.

माझा मामेभाऊ पंधराव्या वर्षापासून घोड्यावर. तेव्हा तो 42 किलोचा होता आणि सगळे म्हणायचे, पोरगा नशीब काढणार. जुन्या शौकिनांच्या तोंडी अजून पांडू खाडे, शामू चव्हाण ही नावं असतात. मामांच्या डोळ्यांपुढे तीच. शिकाऊ जॉकीला नियमाने काही किलोंची सूटही मिळते, आणि तो जिंकत गेला की ती कमी होत जाते. म्हणजे घोड्यांसारखाच पोरांनाही हँडिकॅप! पण या सुटीचा फायदा घ्यायचा तर पोरगा आणखी हलका हवा. 49 मधून सूट वजा केली की किती राहिले, ते तुम्हीच काढा.

सतराव्या वर्षी तो उंच व्हायला लागला. आमच्या घरी मुलगा उंच झाला की आजी दृष्ट काढते. मामींनी ती काढली नाही. दर महिन्याला दाराच्या चौकटीकडे बघून त्या गप्प व्हायच्या.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेलो होतो. शनिवारी संध्याकाळी हा अंगात दोन स्वेटर, त्यावर प्लॅस्टिकचं जाकीट घालून पळायला निघाला. पावसाळी हवा, तरी तासाभराने परत आला तेव्हा बाहीतून घाम ठिबकत होता. मग गरम पाण्याची बादली भरून, दार लावून वाफेत बसला. रात्री जेवण नाही. सकाळी एक अंडं, त्यातलं पिवळं काढून. मी समोर पोहे खात होतो, ते घेऊन गॅलरीत गेलो. तर म्हणाला, "खा रे दादा इथंच. भूक नाही लागत आता. तहान लागते." पाण्याने चूळ भरायचा आणि थुंकायचा. एक घोट नाही. दुपारी तो बरोबर वजनात बसला. रेसमध्ये सहावा आला. उतरल्यावर खोगीर सोडताना त्याची बोटं बंदाला लागत नव्हती, पण आधी काट्यावर जायचं होतं. तिथून बाहेर आल्यावर तो पाण्याच्या नळाखाली बसला तो बसलाच.

2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट फायनलच्या सकाळी 50 किलोला 100 ग्रॅम जास्त भरली, तेव्हा आख्खं होस्टेल वजनतज्ज्ञ झालं होतं. कुणी म्हणे केस आधीच कापायचे, कुणी म्हणे रक्त काढायचं. जॉकीच्या घरात हा विषय मोसमभर दर आठवड्याला असतो, एवढंच मी तेव्हा म्हणालो होतो.

हे दुखणं जुनंच आहे. इंग्लंडचा फ्रेड आर्चर सलग 13 वर्षं तिथला अव्वल जॉकी होता. उंची पावणेसहा फुटांच्या आसपास, म्हणजे या धंद्याला अगदी नकोशी. ऑक्टोबर 1886 मध्ये केंब्रिजशर ही हँडिकॅप रेस धरायला त्याने तीन दिवस अन्न सोडलं, जुलाबाचं औषध घेतलं. इतकं करून एक पौंड जास्तच भरला, आणि घोडा केवळ एका डोक्याच्या अंतराने हरला. त्यानंतर दोन आठवड्यांत, तापाच्या भ्रमात, त्याने स्वतःचा जीव घेतला. वय 29.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), ज्याला आपण वजन म्हणून मोजतो तो माणूस वजनासारखा वागतच नाही. 2009 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. रिकिबी आखूड करून, उकिडवं, खोगिराच्या वर अधांतरी बसायची पद्धत 1900 च्या आसपास रूढ झाली आणि रेसचे वेळ पाच ते सात टक्क्यांनी सुधारले. कारण असं, की घोडा दर टापेला वर-खाली, पुढे-मागे हेलकावतो आणि जॉकी आपले गुडघे स्प्रिंगसारखे वापरून तो हेलकावा स्वतःच्या अंगापर्यंत पोचू देत नाही. घोड्याला त्याचा भार पेलावा लागतो, पण दर टापेला त्याला ढकलावं लागत नाही. गाडीचं सस्पेन्शनच ते. खोगिराखालचं शिसं मात्र घोड्याबरोबर प्रत्येक टापेला हलतं. "मेलेलं वजन जड, जिवंत वजन हलकं," असं मामा म्हणतात, त्याचा अर्थ मला व्हायब्रेशन्सचा पेपर दिल्यावर कळला. पण हे सस्पेन्शन म्हणजे त्या पोराच्या मांड्या आहेत. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात, आजूबाजूला दहा घोडे असताना, आदल्या दिवसापासून पाणी न प्यायलेल्या मांड्या.

हँडिकॅपरच्या कागदावर दुबळ्या घोड्याला 13 किलोंची सवलत असते. ती क्लब देत नाही, मालक देत नाही. ती कुणाच्या तरी पोटातून येते. ब्रिटनमध्ये कोविडच्या काळात रेसकोर्सवरचे सॉना बंद केले होते, ते 2021 मध्ये कायमचे बंद ठरवले. किमान वजनही तिथे वाढवलं गेलं. वजन वाढवू नका म्हणणारे घोड्यांच्या पायांचं कारण पुढे करतात, आणि ते अगदीच खोटं नाही, घोड्याचे पाय काचेसारखे असतात. पण वर-खाली सगळ्यांना दोन किलो वाढवले तर फरक तोच राहतो, हँडिकॅपरचं गणित बिघडत नाही. आणि 555 वर दोन किलो म्हणजे किती टक्के, ते वर काढलंच आहे. त्याच दोन किलोंत एखाद्या मुलाचे दोन दिवस जेवणाचे आणि पाण्याचे असतात. माझं मत विचाराल तर वाढवावेत.

रूममेट म्हणाला, "आमच्या धुरकऱ्याले कोणी जेवू नको नाही म्हणत बे." मी म्हटलं, तुमच्याकडे काटा नाही म्हणून. पट घड्याळावर, हलका माणूस तिथेही चालतोच. त्यावर तो बराच वेळ विचार करत बसला. बहुतेक गावच्या धुरकऱ्यांची वजनं आठवत असावा.

मामेभाऊ आता 58 किलोचा आहे. रेसला बसत नाही. पहाटे सरावाला घोडे पळवतो, तिथे काट्यावर कुणी बसवत नाही. अंगावर मांस आलंय, आवाजही जरा मोठा झालाय. गेल्या गणपतीत मामींनी दुसरा मोदक वाढला तेव्हा त्याचा हात आपोआप ताटावर आडवा आला होता, मग त्याने तो काढून घेतला. एक तांबडा घोडा आहे, चौथ्या वर्गातला, खोडकर. तो याचंच ऐकतो, त्यामुळे आठवडाभर हाच त्याला तयार करतो. रविवारी त्याच्यावर दुसरा मुलगा बसतो, सोळा वर्षांचा, 46 किलोचा. हल्ली त्याचीही उंची वाढायला लागलीय, असं मामा परवा फोनवर सांगत होते.