सूर लागेना, चक्कर मात्र आली

पन्नाशी उलटल्यावर मी शाकुहाची शिकायला घेतली. ही जपानची बांबूची बासरी. आपली बासरी आडवी धरतात, ही सनईसारखी उभी. लांबी साधारण ५४ सेंटीमीटर, पुढे चार छिद्रं आणि मागे अंगठ्यासाठी एक. सनईसारखी पत्ती मात्र हिला नसते. वरच्या टोकाला तिरकी कापलेली धार असते, तिच्यावर फुंकर नेमकी पडली तरच सूर लागतो. पूर्वी जपानमध्ये फुके या झेन पंथाचे भिक्षू डोक्यावर विणलेली टोपली घालून ही वाजवत फिरत. त्यांच्या लेखी हे ध्यानच होतं. १८७१ मध्ये सरकारने तो पंथ बंद केला, वाद्य मात्र टिकलं.

पहिले तीन आठवडे माझ्या बासरीतून नुसती फुसफुस. मग मी जोर वाढवला. थोड्याच वेळात डोकं हलकं झालं, बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या. बासरी ठेवून बसलो. निदान अवघड नव्हतं. भराभर मोठे श्वास घेतले-सोडले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं.

तेव्हा मला माझ्या एक पेशंट आठवल्या. घाबरल्या की त्यांना धडधड व्हायची, हातांना मुंग्या यायच्या. ईसीजी आणि इतर तपासण्या नॉर्मल होत्या. मी सांगितलं, "मोठे श्वास घ्या." पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, त्याने जास्तच होतं." मी म्हणालो, "तुम्ही नीट करत नसाल." आता तेच माझ्या बोटांना होत होतं.

माझ्या शिक्षकांनी जोर सोडायला सांगितलं. सगळी छिद्रं बंद करून सर्वांत खालचा सूर, 'रो', रोज दहा मिनिटं. श्वास सावकाश सोडायचा आणि आवाज ऐकायचा, बस्स. हळूहळू सूर लागला. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. सोडणं लांबलं की शरीर शांत व्हायला मदत होते.

म्हणून आता मी 'मोठा श्वास घ्या' म्हणत नाही, 'सावकाश सोडा' म्हणतो. नाकाने नेहमीइतकाच श्वास घ्या. शिट्टीसारखे ओठ करून, घ्यायला लागला त्याच्या साधारण दुप्पट वेळात सोडा. पाच मिनिटं पुरे. गरगरलं तर थांबा. यासाठी बासरी लागत नाही.

मात्र छातीत दुखणं, धाप किंवा धडधड पहिल्यांदाच होत असेल, तर ती भीतीमुळेच आहे असं घरी ठरवू नका. आधी तपासून घ्या. चालू औषधंही बंद करू नका.

त्या बाई परत आल्या तेव्हा मी आधी एवढंच म्हणालो, "तुमचं बरोबर होतं. मी चुकीचं सांगितलं होतं."