एकुलती एक आणि ‘द ओन्ली’

इंग्रजीतली ही तीन वाक्यं बघा. ‘शी इज ओन्ली अ चाइल्ड.’ ‘शी इज ॲन ओन्ली चाइल्ड.’ ‘शी इज द ओन्ली चाइल्ड.’ शब्द जवळपास तेच आहेत, फक्त ‘ओन्ली’ची जागा आणि त्याच्या शेजारचं आर्टिकल बदललंय. पहिल्याचा अर्थ, ती अजून लहान आहे, समजून घ्या. दुसऱ्याचा अर्थ, तिला भावंडं नाहीत. तिसरं वाक्य मात्र अर्धवट वाटतं. एकटंच मूल, पण कुठलं? या खोलीतलं? त्या लग्नातलं? पुढे काहीतरी जोडल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

मी दुसऱ्या वाक्यातली. आईबाबा सांगलीत, मी पुण्यात. पोटापाण्यासाठी कोड लिहिते. गेल्या वर्षी कंपनीने दोन वर्षांसाठी ॲमस्टरडॅमला जाशील का, असं विचारलं. ही बातमी नातेवाइकांत पसरली तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, “पण तू एकुलती एक ना?” विचारण्याचा सूर प्रश्नाचा, पण त्यात उत्तर आधीच दिलेलं असायचं. तेव्हापासून हा ‘ओन्ली’ माझ्या डोक्यात बसलाय.

आधी त्याचं कूळ बघू. जुन्या इंग्रजीत ‘आन’ म्हणजे एक, आणि ‘लिक’ म्हणजे सारखा. त्यांच्या जोडीतून ‘ओन्ली’ आला, म्हणजे ‘एकासारखा’. ‘अलोन’ हा ‘ऑल वन’चा जोडशब्द. त्यातला सुरुवातीचा ‘अ’ गळून ‘लोन’ झाला आणि त्यातून पुढे ‘लोनली’. गंमत म्हणजे ‘अ’ आणि ‘ॲन’ ही आर्टिकल्ससुद्धा त्याच ‘एक’ची झिजलेली रूपं आहेत. म्हणजे ‘ॲन ओन्ली चाइल्ड’ म्हणताना इंग्रजी माणूस नकळत दोनदा ‘एक’ म्हणतो. आपण ‘एकुलता एक’ म्हणतो तसंच! दोन्ही भाषांना या मुलाच्या बाबतीत एकदा ‘एक’ म्हणून पुरलं नाही.

पण ‘ॲन ओन्ली’ ही चाल इंग्रजीत जवळपास मूल, मुलगा, मुलगी यांच्यासाठीच राखीव आहे. ‘ॲन ओन्ली फ्रेंड’ किंवा ‘ॲन ओन्ली लॅपटॉप’ कुणी म्हणत नाही. बाकी सगळीकडे ‘द ओन्ली’ किंवा ‘माय ओन्ली’ लागतं. कारण ‘द ओन्ली’ला नेहमी एक कुंपण लागतं. ‘द ओन्ली पर्सन इन द ऑफिस’, ‘द ओन्ली बस टु मिरज’. अमुक एका कुंपणाच्या आत अशी दुसरी वस्तू नाही, एवढंच तो सांगतो. ‘ॲन ओन्ली चाइल्ड’मध्ये कुंपण वेगळं सांगावं लागत नाही. कुंपण म्हणजे घर, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

नीट पाहिलं तर ‘द ओन्ली बस’ हे त्या बसचं वर्णनच नाही. बस लाल आहे की खटारा, काही कळत नाही. कळतं ते इतकंच की दुसरी बस नाही. ‘रेड’ किंवा ‘ओल्ड’ ही विशेषणं नामाबद्दल बोलतात, ‘ओन्ली’ त्याच्या आसपासच्या रिकाम्या जागेबद्दल बोलतो.

आणखी एक गोष्ट. ‘द ओन्ली अव्हेलेबल पर्सन’ आणि ‘द ओन्ली पर्सन अव्हेलेबल’ ही दोन्ही रूपं इंग्रजीत चालतात. एरवी विशेषण नामाच्या आधी येतं, पण ‘ओन्ली’ सोबत असला की ‘अव्हेलेबल’, ‘पॉसिबल’ अशा विशेषणांना नामाच्या मागेही बसायची मुभा मिळते. मागे बसलेलं विशेषण बहुधा तात्पुरतं असतं. आत्ता, या घडीला मोकळी असलेली व्यक्ती. ऑफिसात रात्रीच्या ऑन-कॉल ड्युटीवर मी ‘द ओन्ली पर्सन अव्हेलेबल’ असते, पण सकाळी नऊला सुटते. घरच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी मला कायमची नामाच्या मागे उभी केली होती.

त्याच सुमारास बाबांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. हॉस्पिटलच्या दारावर पाटी होती, ‘ओन्ली वन अटेंडंट अलाउड’. पासही एकच. पहिल्या रात्री मी आत आणि आई बाहेरच्या खुर्चीवर, दुसऱ्या रात्री उलट. खाली मामेभाऊ औषधांच्या रांगेत होता. समोरच्या फ्लॅटमधले काका सकाळ-संध्याकाळ डबा आणत होते. बाबांच्या पाटबंधारे खात्यातले एक जुने मित्र मेडिक्लेमचे कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होते. फॉर्मवर नातेवाईक म्हणून नाव माझंच होतं. ‘मुलं’ या रकान्यात बाबांनी ‘१’ असं लिहिलं होतं आणि पेन जरा जोरातच टेकवलं होतं.

त्या खुर्चीवर बसून मी कॉलेजात शिकलेलं डिस्क्रीट मॅथ्स आठवत होते. तिथे उलट्या ‘ई’पुढे उद्गारचिन्ह काढलं की अर्थ होतो, असं बरोबर एकच आहे. या चिन्हात दोन विधानं असतात. निदान एक आहे, आणि एकाहून जास्त नाही. डेटाबेसमधला युनिक कन्स्ट्रेंट यातलं दुसरंच विधान सांभाळतो. टेबल पूर्ण रिकामं असलं तरी तो खूश असतो. ‘असणं’ आणि ‘दुसरं नसणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनिअरिंगला मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, पण आयसीयूच्या बाहेर बसल्यावर त्याला वजन आलं.

बर्ट्रांड रसेलने १९०५ च्या ‘ऑन डिनोटिंग’ या लेखात म्हटलं की इंग्रजीतल्या साध्या ‘द’मध्येही ही दोन्ही विधानं दडलेली असतात. ‘द ऑथर’ म्हटलं की एक लेखक आहे आणि एकच आहे. मग ‘द’ असताना वर ‘ओन्ली’ कशाला? एलिझाबेथ कॉपॉक आणि डेव्हिड बीव्हर या भाषाशास्त्रज्ञांनी २०१५ च्या एका निबंधात हाच धागा पकडलाय. त्यांचा मुद्दा नकार घालून पाहिला की लख्ख दिसतो.

समजा मी म्हटलं, ‘आय ॲम नॉट द ऑथर ऑफ धिस कोड.’ म्हणजे हा कोड माझा नाही, मला विचारू नका. आता ‘ओन्ली’ घाला. ‘आय ॲम नॉट द ओन्ली ऑथर ऑफ धिस कोड.’ अर्थ पार उलटतो. कोड माझा आहेच, पण आणखी लोकांचाही आहे. आणि त्या कोडचा ‘द ओन्ली ऑथर’ असा आता कुणीच उरत नाही. ‘द’ लावलेला असूनही तो शब्दप्रयोग कुणाकडेच बोट दाखवत नाही. एका छोट्या शब्दाने नकाराचा मारा स्वतःवर घेतला आणि माझं लेखक असणं वाचवलं.

मला हे वाचून खरंच हलकं वाटलं. इतके दिवस मला वाटत होतं, माझ्यासमोर दोनच पर्याय आहेत. एक तर मी त्यांची एकुलती एक, म्हणून इथेच राहायचं. नाहीतर त्यातून बाहेर पडायचं, म्हणजे मुलगी असणंच नाकारायचं. पण नकार ‘मुलगी’ला लागायची गरज नव्हती, तो ‘ओन्ली’ला लागू शकत होता. मुलगी मी एकटीच आहे, आणि ते कुंपण बदलणार नाही. पण ‘बाबांसाठी धावून येणारी माणसं’ हे कुंपण वेगळं, आणि त्यात मी ‘नॉट द ओन्ली वन’ होते. त्या दोन रात्रींत हे दिसलंच होतं, फक्त मोजलं नव्हतं.

‘ओन्ली’ अनेकवचनातही चालतो, हेही इथेच लक्षात आलं. ‘द ओन्ली टू’, ‘द ओन्ली पीपल हू केम’. जन्म ‘एक’मधून झाला तरी आता त्याचा एकाशी करार नाही. ‘हे आणि याबाहेर कुणी नाही’ एवढंच त्याला सांगायचं असतं. आपल्या ‘एकमेव’ला हे जमत नाही. ‘एकमेव’ म्हणजे संस्कृत ‘एकम्’ अधिक ‘एव’, ‘एकच’. ‘एकमेव दोन मैत्रिणी’ म्हटलं तर हसू येईल. तिथे आपण ‘दोनच’ म्हणतो आणि सगळं काम त्या इवल्याशा ‘च’वर टाकतो. पण ‘च’ जरा कुरकुऱ्या आहे. ‘एकच मुलगी?’ असं कुणी विचारलं की त्यात मोजणीपेक्षा हळहळच जास्त ऐकू येते. ‘एकुलती’मध्ये लाड आहे, ‘एकटी’मध्ये काळजी आहे आणि ‘एकमेव’मध्ये सत्कार समारंभ. इंग्रजीतला ‘ओन्ली’ नामाआधी बसला की यातलं फारसं काही बोलत नाही. त्याचा तो कोरडेपणा मला त्या दिवसांत बरा वाटला.

मी ॲमस्टरडॅमला हो म्हणून कळवलं. बाबांचं म्हणणं होतं, जा. आईने काहीच म्हटलं नाही. ती माझ्या बॅगेत मेतकूट भरत राहिली. निघायच्या आधी मी एका कागदावर मोठ्या अक्षरात चार नंबर लिहून फ्रिजवर लावले. मामेभाऊ, समोरचे काका, बाबांचे ते मित्र आणि हॉस्पिटलची इमर्जन्सी. मनात इंग्रजीतच घोळत होतं, ‘द ओन्ली फोर नंबर्स यू विल नीड’.

आईने चष्मा लावून कागद वाचला. “एवढेच?” तिने विचारलं. पुरे झाले की कमी पडले, तिच्या ‘च’वरून काही कळेना. मग तिने पेन मागितलं आणि खाली पाचवा नंबर लिहिला. आमच्या भाजीवाल्या मावशींच्या मुलाचा. त्याची रिक्षा आहे आणि तो रात्रीही फोन उचलतो.